निवटीच्या शेजारी लिहिलेलं नाव

या प्रकरणात एकही थाप नाही. आमच्या घरात मी हे वाक्य उच्चारलं की नातवंडं जवळ सरकून बसतात, कारण थाप आता उंबऱ्यापर्यंत आली हे त्यांना कळलेलं असतं. दोष त्यांचा नाही, माझाही नाही. थापा मला बाकडून आल्या, जसं त्याचं रुंद नाक आलं आणि आंघोळीचा कंटाळा आला. माझा बा दांडीच्या बंदरावरचा तांडेल. स्वतःची होडी, सात खलाशी आणि सातशे गोष्टी. एकदा म्हणे दमणच्या बाजूला दाट धुक्यात होडी उभी असताना पाण्यातून देवमासा वर आला आणि त्यानं विचारलं, "तांडेल, दांडी कुटं आली?" बानं त्याला मागून यायला सांगितलं आणि पार खाडीच्या तोंडापर्यंत आणून सोडलं. "पन बा, देवमाशाचं दांडीला काय काम?" मी विचारायचे. बा बिडी विझवायचा आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं सांगायचा, "तुजी आय त्या दिवशी कालवं शिजवत होती. वास गेलेला तितवर."

देवमासा खोटा असेल, वास खरा होता. आय मसाला कुटायला बसली की वाणगावच्या फलाटावर गाडीची वाट बघणारी माणसं शिंकायची. आणि आमच्यापासून वाणगाव किती लांब आहे ते तिकडच्या माणसांनाच विचारा. आमचं घर कुडाचं, पण त्याला दारं दोन. पुढचं दार समुद्राकडे उघडायचं. त्या दारात बाची जाळी, वल्ही, बोंबील वाळत घालायची बांबूची वलांडी, खलाशांची भांडणं, आणि घरात रेडिओ नसल्याची उणीव भरून काढणारा स्वतः बा. मागचं दार खाजणाकडे उघडायचं. खाजण म्हणजे खाडीकाठचा चिखल, भरतीला पाण्याखाली जाणारा, ओहोटीला उघडा पडणारा, कडेनं तिवरांची झाडी. त्या दारात आय. पुढच्या दारानं मासळी आली की गावभर गाजावाजा व्हायचा. मागच्या दारानं जे यायचं ते काही न बोलता थेट चुलीवर जायचं. पावसाळ्याचे चार महिने होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असत, तेव्हा अख्खी दांडी मागच्या दारानं जेवायची. तरी पुरुषांना विचारलं तर सांगत, "बायका जरा चिखलात खेळाया जातात."

आयच्या पायांना डोळे होते. गुडघाभर चिखलात ती चालायची, मध्येच थांबायची, अंगठ्यानं काहीतरी चाचपायची आणि खाली न वाकताच म्हणायची, "शिवली हाय. ल्हान हाय. ऱ्हाऊ दे." पुढचं पाऊल. "चिंबोरी. गाभोळी भरलीय. ऱ्हाऊ दे." बा एका दिवसात जितके शब्द उधळायचा तितके आयला वर्षभर पुरायचे, आणि त्यातले निम्मे 'ऱ्हाऊ दे' होते. पण मी लहान असताना तिच्या मागं मागं पाय टाकत चिखलातल्या सगळ्या वस्तीची ओळख करून घेतली ती तिच्याच तोंडून. तिनं त्या वस्तीची घरांवरून वाटणी केली होती. शंख, शिवली नावाची शिंपली आणि कालवं ही घर पाठीशी घेतलेली माणसं. रिकाम्या शंखात घुसून राहणारा छोटा खेकडा, तो बिऱ्हाडकरू. अंग वाढलं की शंख बदलणार, भाडं कुणाला देणार नाही. चिंबोरी, म्हणजे मोठी खेकडी, बिळातली मालकीण. बोय मासा आणि करंदी ही बारकी कोळंबी म्हणजे पाण्यासंगट येणारी पाहुणी, पाण्यासंगट जाणारी. बगळा आणि खंड्या हे वरून येणारे. माझ्या आयच्या जगात कुणी बेवारस नव्हतं; कोण कुठं राहतं, कुणाच्या जिवावर जगतं आणि कुणाच्या पोटात जातं, एवढं कळलं की त्याची ओळख पुरी झाली.

या वाटणीचा एक गोड फायदा होता. आमच्याकडे सोमवार पाळायचे, म्हणजे मासळी वर्ज्य. पण कालव मासळी नाही, असा आयचा ठाम निवाडा होता. कालव पोहत नाही, पळत नाही, दगडाला लागतं. जसा शेवग्याला शेंगा तसं दगडाला कालव. त्यामुळे सोमवारी आमच्या घरी कांदा, कोकम आणि ओल्या खोबऱ्याच्या वाटणात शिजलेल्या कालवांवर कडक उपास व्हायचा. इतका कडक की बा तीन तीन भाकऱ्या जास्त खायचा आणि म्हणायचा, देव दिसायला लागला.

हा उपास मी मोडला. शाळा गावापासून तासाभराच्या चालीवर होती (घरी सांगताना मी तीन तास सांगते, आणि मध्ये एक बिबळ्याही घालते). विज्ञानाला राऊतसर होते. सर इकडच्याच माहीमचे, पानवेलीच्या आणि नारळी-पोफळीच्या वाडीत वाढलेले, म्हणून त्यांना सगळी सृष्टी वाफ्यावाफ्यांत लावलेली दिसायची. फळ्यावर ते वाफे आखायचे: इकडे पाठीचा कणा असलेले, तिकडे नसलेले. नसलेल्यांत पुन्हा वाफे. सांधे असलेल्या पायांचे ते संधिपाद, मऊ अंगाचे ते मृदुकाय. खडूची धूळ त्यांच्या काळ्या टोपीवर बसायची आणि मला वाटायचं, जगात यांच्याइतका मोठा माणूस नाही. घरी आले, तर नेमका सोमवार.

"आय, कालव प्रानी हाय."

"कोन बोललं?"

"सर. मृदुकाय हाय ते. कालव, शिवली, गोगलगाय, माकूल, समदी एका घरातली."

आयनं टोपातलं कालवण ढवळलं. "माकूल आन् कालव भावंडं? त्याला धा हात, याला एक बी नाय, आन् भावंडं?"

"आतून सारकी असतात. मऊ. हाड नसतं."

"मंग तुजी जीब पन त्यातलीच," आय म्हणाली. "आता सोमवारी काय शिजवायचं ते पन सरांना इचारून ये."

मी खरंच विचारलं. सरांनी टोपी काढून डोकं खाजवलं आणि म्हणाले, "शास्त्रात सोमवार नसतो गं." हे आयला सांगितलं तेव्हा तिनं चुलीत फुंकर मारली. "बरं मंग. ते शास्त्र मंगळवारी."

निवटीवरून तर आमच्यात आठ दिवस वाद चालला. निवटी ही चिखलावर राहणारी बोटभर मासळी. डोळे टाळूवर, पुढच्या दोन पंखांवर रेटा देत चिखलावर चालते, उड्या मारते, पाण्यात सूर मारते, पुन्हा बाहेर. सर म्हणाले, कणा आहे, पर आहेत, कल्ले आहेत, म्हणजे मासाच. आयला ते अमान्य नव्हतं, पण पुरेसं वाटत नव्हतं. "मासा तर मासा. पन तिला पान्याखाली कोंडलीस तरी मरंल, उन्हात टाकलीस तरी मरंल. दोनी पायजे तिला. तुज्या सरांच्या कुठल्या वाफ्यात दोनी हाय?" काशीआत्या तेव्हा ओट्यावर बसून मिसरी लावत होती. ही बाची थोरली बहीण, गावातल्या बायकांची पुढारीण, आवाज असा की भरतीही तिला विचारून चढायची. ती माझ्याकडे बघत म्हणाली, "निवटी बगायला खाजनात कशाला जाता? ही काय समोर बसलीय. टोपली डोक्यावर घ्यायला लाजते, आन् शाळंतली बाई काय अजून झाली नाय. ना पान्यातली, ना जमिनीवरची." दुसऱ्या दिवसापासून अख्ख्या दांडीत माझं नाव निवटी झालं. पोरं माझ्यामागून उड्या मारत यायची. मी हसून दाखवायचे, चार थापा ठोकायचे, आणि मागच्या दाराशी जाऊन रडायचे. ही थाप नव्हे.

अशात ती नोटीस आली. गावच्या कोतवालानं ती देवळाच्या खांबाला डकवली. बोटीवरचे बाप्ये बाहेर गेलेले, म्हणून बायकांनी मला पुढं ढकललं आणि मी मोठ्यानं वाचली. खाडीलगतचं खाजण हे पडीक असल्याचं समजतं. मिठागरासाठी त्याची मागणी आलेली आहे. अमुक तारखेला सकाळी अकराला तालुक्याहून साहेब पाहणीला येतील, कुणाची वहिवाट असल्यास त्या वेळी दाखवावी. काशीआत्यानं बोटं मोजली, "त्या दिवशी षष्ठी. अकराला पानी उतरलेलं असंल." आयनं मात्र एवढंच विचारलं, "पडीक म्हंजे?"

"जिथं काय होत नाय, ती जमीन."

आय कितीतरी वेळ त्या कागदाकडे बघत राहिली. तिला वाचता येत नव्हतं, पण त्या कागदात कुठं तो शब्द बसला असेल ते ती शोधत होती असं मला वाटलं.

संध्याकाळी बा परतला. त्याला सगळं आधीच ठाऊक होतं. "कुनी शेठ हाय भायेरचा. बांध घालनार, पानी अडवनार, मीठ पिकवनार. चिखल तर हाय. आपलं काय जातंय?" आयनं ताट वाढलं. बानं घास घेतला आणि थांबला. कालवणात मीठ नव्हतं. भातात नव्हतं. दुसऱ्या दिवशीही नव्हतं, तिसऱ्याही. "अगो मीठ!" बा शेवटी ओरडला. आय म्हणाली, "येईल की आता शेठकडून." चौथ्या दिवशी बा गावातल्या बाप्यांना सांगत फिरू लागला की खाजण वाचवलं पाहिजे, आणि ही कल्पना आपल्याला समुद्रात, एका देवमाशाशी बोलताना सुचली.

पण वाचवायचं कसं? अर्ज लिहिणारा कुणी नाही, वकील कुणाच्या ओळखीचा नाही. आयनं उपाय काढला तो आमच्या माणसांना सुचणारा एकमेव उपाय. "लिवनाऱ्याला जेवाया घाला. खाजनात काय होतं ते त्याच्या पानात वाडा. खाऊन बी पडीक लिवतो का बगूया." सगळ्यांना पटलं. साहेब षष्ठीला येणार, म्हणून पंचमीच्या ओहोटीला दांडीतल्या यच्चयावत बायका टोपल्या, कोयते आणि आकडे घेऊन खाजणात उतरल्या. चिंबोऱ्या ओढल्या, निवट्या धरल्या, दगड खरवडून कालवं फोडली, शिवल्या वेचल्या. काशीआत्या काठावर उभी राहून ओरडत होती, "साहेब हाय, साहेब! मामाच्या गावचा जावई न्हवं! भरा टोपल्या!" पाहुणा यायचा म्हणून घर झाडतात तसं आम्ही खाजण झाडून काढलं. धुऊन वाळत घालायचं तेवढं बाकी राहिलं. षष्ठीला पहाटेपासून सात चुली पेटल्या. निवट्यांचं आंबट, चिंबोऱ्यांचा रस्सा, कालवांचं सुकं, तांदळाच्या भाकऱ्यांच्या चळती. त्या वासानं आजूबाजूच्या पाच गावांची मांजरं दांडीत आली. त्यातली तीन परत गेलीच नाहीत, त्यांचे वंशज आजही माझ्या ओट्यावर झोपतात.

अकराच्या सुमाराला बोईसरच्या रस्त्यानं जीप आली. साहेब चष्म्याचे, किडकिडीत, सभ्य. सोबत ड्रायव्हर, तो तिकडे बांधकामांवर आलेल्या माणसांसारखं हिंदी बोलायचा. आम्ही सगळे खाजणात उभे. बायका ठेवणीतली लुगडी नेसून, पोरं, म्हातारे, कुत्री, एक ढोलवाला (त्याला कुणी बोलावलं ते अजून कळलेलं नाही), आणि आज मुद्दाम समुद्रावर न गेलेले बाप्ये. साहेबांनी चष्मा पुसला आणि समोर पाहिलं. चिखल. नुसता चिखल, त्यावर आमच्या शेकडो पायांचे ठसे. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मांडव दिसतो तसं.

"साब, इधर तो कुछ नहीं है," ड्रायव्हर म्हणाला. "खाली कीचड़ है."

साहेबांनी विचारलं, "बाई, तुम्हाला इथं मिळतं काय?"

"लय मिळतं, साहेब!" काशीआत्या.

"कुठं आहे?"

"टोपात. शिजतंय."

त्या क्षणी आमच्या सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं. साक्षीदारांनाच आम्ही फोडणी दिली होती. साहेब अवघडून हसले. "बाई, मला टोप लिहिता येत नाही, जमीन लिहावी लागते." त्यांनी पाटीवर कागद सरळ केला आणि पेनाचं टोपण काढलं. आयचा चेहरा मी पाहिला आणि मला राहवलं नाही. मी पुढं घुसले. माझ्याकडे एकच हत्यार होतं, ते चालवलं. "साहेब, इथं चिंबोऱ्या असतात परातीएवढ्या! एकीनं माझ्या बाला होडीसकट तीन मैल ओढत नेलं! निवट्या तर झाडावर घरटी बांधतात! रात्री कालवं गातात!" बा मागून अभिमानानं मान डोलावत होता. साहेब मात्र खळखळून हसले, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग शांतपणे म्हणाले, "मुली, थापा छान मारतेस. पण आता खरं काही सांगितलंस तरी ते मी कसं लिहू?"

आयुष्यात अनेकांनी मला फटकारलं, पण इतक्या हळू आवाजात इतकं जोरात कुणी नाही. जे खाजण मला हाताच्या तळव्यासारखं पाठ होतं, ते मीच खोटं करून टाकलं होतं. तेवढ्यात माझ्या तोंडावर एक हात आला. त्या हाताला कालवांचा, हळदीचा आणि मसाल्याचा वास होता.

"हिरू, गप," आय म्हणाली. मग वळून सगळ्या गावाला, "बसा. समदी बसा. हलायचं नाय, बोलायचं नाय." आवाज चढवलेला नव्हता, पण आयला एकदम इतके शब्द बोलताना गावानं पहिल्यांदाच ऐकलं होतं, त्यामुळे काशीआत्यासुद्धा जिथं होती तिथं फतकल मारून बसली. "साहेब, तुमी पन बसा. बूट वाजवू नका. येवडं पानी फिरेस्तवर." तिनं टोपली उपडी घातली. साहेब घड्याळ बघत, का कोण जाणे, बसले.

माझ्या जन्मातली ती पहिली आणि शेवटची शांतता. शंभर माणसं, त्यात बा आणि मी, आणि कुणाच्या तोंडून शब्द नाही. सुरुवातीला स्वतःच्या श्वासाचाच आवाज यायचा. मग तिवरांची पानं. मग खूप वेळानं चिखलच बोलायला लागला. बारीक बारीक पुटपुट, जणू भाताला आधण आलंय. साहेबांच्या पायापासून हातभर अंतरावर एक भोक काळं झालं, त्यातून दोन काड्या वर आल्या, काड्यांच्या टोकाला डोळे. मग एक इवला खेकडा, त्याचा एक हात लाल आणि अंगाहून मोठा. त्यानं तो हात वर केला. पलीकडून दुसऱ्यानं केला. मग दहांनी, मग जिकडे बघाल तिकडे. शाळेत हजेरीला पोरं हात वर करतात तसं सगळं खाजण हात वर करून उभं राहिलं. एक शंख हळूच चालायला लागला, तो बिऱ्हाडकरू. गोगलगाई मागं रेषा ओढत निघाल्या. आणि मग तिवराच्या मुळाशी चिखलाचाच एक गोळा उडाला, पुन्हा उडाला, आणि टाळूवरचे डोळे गरागरा फिरवत आमच्याकडे बघत बसला. निवटी. तिच्यामागं दुसरी. वरून बगळा उतरला, त्यानं आम्हाला झाडं समजून आमच्यातच दोन पावलं टाकली. तो काशीआत्याच्या डोक्यावर बसला, असं मी लग्नकार्यात सांगते. इथं फक्त तिच्या शेजारी उतरला असं लिहिते, कारण या प्रकरणात थाप नाही.

साहेबांच्या हातातलं पेन वाळून गेलं होतं. ते कुजबुजले, "सगळं टोपात गेलं म्हणालात ना? मग हे कुठून आलं?"

"समदं काडाया हात कुटं शिकलाय, साहेब," आयही तशीच कुजबुजली. "गाभोळीवाली सोडायची. नकाएवडं सोडायचं. बिळात दोन असली तर एक सोडायची. काल घाईत पन हातानं सोडलंच असंल."

मी मागं वळून पाहिलं. काशीआत्या मान हलवत होती. साहेबासाठी खाजण झाडताना तिच्याही हातानं सोडलं होतं. सगळ्यांच्याच.

"यांची नावं सांगता येतील?" साहेबांनी विचारलं. आयनं माझ्याकडे पाहिलं. "आता बोल. शाळंतलं बोल. बाचं नको."

मी बोलले. आवाज न चढवता, हात न नाचवता, एकेकाकडे बोट दाखवत. हा संधिपाद, हाही संधिपाद. हे तिघं मृदुकाय. हिला कणा आहे, ही मासा. तो पक्षी. साहेब पेन झटकून एकेक लिहीत गेले. मी एखादं सांगितलं की आय त्याचं घर सांगायची, कोण त्याला खातं आणि तो कुणाला खातो ते सांगायची. सरांचे वाफे आणि आयची वस्ती साहेबांच्या कागदावर शेजारी शेजारी उतरत होती, आणि कुठं भांडण होत नव्हतं. सर शरीर उघडून विचारत होते, तू कुणासारखा? आय दार ठोठावून विचारत होती, तुझं कुणावाचून अडतं? वर्षानुवर्षं पोरांना शिकवताना मी दोन्ही प्रश्न विचारत आले, पण ते वेगळे आहेत हे मला त्या टोपलीशेजारी बसून कळलं.

"हे लाल हातवाले तुम्ही खाता?" साहेब.

"नाय."

"मग यांचा उपयोग काय?"

आयनं तिवराचं एक पिकलं पान उचललं. "हे पडतं. खेकडा ते तोडतो, बिळात नेतो, माती वर-खाली करतो. त्याचं उष्टं-माष्टं पान्यात जातं, त्यावर करंदी वाडते, जवळा वाडतो. भरती त्यांना भायेर नेते. भायेर जवळ्यावर बोंबील जगतो." तिनं एकदाच बाकडे पाहिलं. "आन् बोंबलावर हे समदे तांडेल जगतात. हितं बांध घातला, की पुडच्या दारात वलांडी रिकामी."

बा उभा राहिला. आपल्या होडीची सुरुवात आपल्या घराच्या मागच्या दारी होते, हे त्याला इतक्या वर्षांत देवमाशानंही सांगितलं नव्हतं. तो काही बोलला नाही. बा काही बोलला नाही, हे वाक्य लिहिताना आजही माझा हात थांबतो.

मग पंगत बसली. साहेबांनी आधी संकोचानं, मग बाह्या सारून, आणि शेवटी ड्रायव्हरच्या पानातली चिंबोरीची नांगी मागून जेवण केलं. जेवता जेवता पानावरच्या रिकाम्या शिंपल्या ते वेगळ्या, नांग्या वेगळ्या, काटे वेगळे लावत होते. मी ते पाहिलं आणि राऊतसरांची आठवण होऊन मला हसू आलं. हात धुऊन त्यांनी कागद पुढं घेतला. 'पडीक' हा छापील शब्द त्यांनी दोन रेघांनी खोडला. खाली रकाना होता, वहिवाट करणाऱ्यांची नावं.

"सांगा, कुणाकुणाची नावं घालू?"

"लिवा," आय म्हणाली. "लाल हातवाला. चिंबोरी. बिऱ्हाडकरू. कालव. करंदी. निवटी. बगळा."

"बाई, माणसांची नावं हवीत."

"मानसं शेवटी, साहेब. आदी ज्यांचं घर हाय त्यांची लिवा."

साहेबांनी त्याच क्रमानं लिहिली. रकाना भरला तेव्हा त्याला दुसरा कागद डकवला. त्यावर काशीआत्या, जानकी म्हणजे माझी आय, सगळ्या बायका आल्या. आयनं अंगठा उठवायला शाईची वाट पाहिली नाही. वाढता वाढता आली होती, तशीच मसाल्याचा अंगठा टेकवून मोकळी झाली. तो कागद कचेरीत गेला. बांध काही आला नाही, निदान त्या शेठचा तरी नाही. कागद ज्या कपाटात आहे त्याच्यापुढं अजून एक मांजर बसून असतं म्हणतात. हे खरं की खोटं ते मला विचारू नका, मांजराला विचारा.

निघताना साहेबांचं लक्ष माझ्याकडे गेलं. "आणि हिचं नाव राहिलं. हिला कुठं घालू? बायकांत?"

मागून काशीआत्याच्या नातवानं हळूच बेडूकउडी मारली आणि पोरं फिसकन हसली. माझी मान खाली गेली. आयनं कागदावर बोट ठेवलं. तिला अक्षर येत नव्हतं, पण नावं लिहिली जाताना तिनं जागा लक्षात ठेवली होती. तिचं बोट बरोबर सहाव्या नावावर थांबलं.

"हितं लिवा. निवटीच्या शेजारी," ती म्हणाली. तिच्या आवाजात मी तोवर कधी न ऐकलेलं काहीतरी होतं. "चिखलात चालते आन् कागदावर बी चालते. एका जागी कोंडली तर मरंल. तिला दोनी पायजे."